बिनतारी अण्णा

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको एन-सातमधल्या आमच्या गल्लीत कोणाचा वायरलेस कीबोर्ड बंद पडला, तर ते आधी अण्णांना कळतं आणि मग मालकाला. यात चमत्कार काही नाही. घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आणि उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. अक्षर उमटेना झालं की माणूस कळ दाबायचं सोडून बडवायला लागतो. आधी टिक, मग टक, मग टाण्. तिसऱ्या आवाजाला अण्णा पायात चपला सरकवतात, पाचव्याला दारात उभे असतात. बेल ते वाजवत नाहीत. "सेल कधी बदलले होते?" असं विचारत थेट आत येतात.

या माणसाला वायरलेसचं वेड लागावं, हा दैवाचा विनोद आहे. अण्णांची सगळी नोकरी तारेत गेली. टेलिफोन खात्यात ते केबल जोडणारे होते. 2000 साली खात्याचं भारत संचार निगम झालं, पाटी बदलली, पण अण्णांचा खड्डा तोच राहिला. पावसाळ्यात जालना रोडच्या कडेला, डोक्यावर ताडपत्री धरून, गढूळ पाण्यात पाय सोडून त्यांनी तारेला तार लावली. केबलमधल्या पंचवीस जोड्यांचे रंग त्यांना अजून मुखोद्गत आहेत: पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-करडा, मग लाल, मग काळा, पिवळा, जांभळा, आणि प्रत्येकाबरोबर पुन्हा तेच पाच. नातवाला झोपवताना ते हेच म्हणतात. पोरगं पिवळ्यापर्यंत जागं राहत नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन अण्णा घरी आले आणि म्हणाले, "आता या घरात तार नको." त्या आठवड्यात टेबलाखालचं जाळं गेलं, टेपरेकॉर्डर गेला, माऊस आणि कीबोर्डच्या शेपट्या गेल्या. गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार मात्र काकूंनी वाचवली. ती कशी, ते दोघंही सांगत नाहीत.

अण्णांच्या कमरेला एक चंची असते. आधी तिच्यात पान, चुना, कात, सुपारी आणि तंबाखू होती. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, पण चंची कमरेला नसली तर अण्णांना तोल गेल्यासारखं वाटायचं. म्हणून आता पानाच्या कप्प्यात चष्मा पुसायचं फडकं, सुपारीच्या कप्प्यात डोंगल (संगणकाला लावायचा, माऊस-कीबोर्डचं ऐकणारा तो नखभर तुकडा), चुन्याच्या डबीत बारीक स्क्रू आणि तंबाखूच्या कप्प्यात पेन्सिल सेल असतात. डोंगल बाहेर काढताना ते सवयीनं अंगठ्यानं तळहातावर एकदा चोळतात.

त्यांच्या तपासणीची रीत ठरलेली आहे. आधी माऊस उलटा करून पोटाचा खटका बघायचा. "चालूच नाही!" हे दोन शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी बाकी फक्त सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याचा खोटेपणा उघडा पडतो तेव्हा भटजींच्या चेहऱ्यावर पाहिलंय. खटका चालू असेल तर अण्णा जरा हिरमुसतात आणि टेबलाखाली शिरतात. वयाची एकाहत्तरी, गुडघे बोलतात, तरी शिरतात. कारण त्यांच्या अनुभवात अर्धी दुखणी तिथंच असतात. लोक डोंगल संगणकाच्या पाठीत खोचतात, संगणक टेबलाखाली ढकलतात, टेबलाला लोखंडी पाय, शेजारी लोखंडी कपाट. वर बसलेला कीबोर्ड एवढ्या लोखंडापलीकडे कुजबुजणार कसा? "पुढच्या तोंडाला लाव की," टेबलाखालून आवाज येतो. "डोंगल म्हणजे काय चोरी आहे का, पाठीमागं लपवायला?"

पुढचं तोंड मोकळं असलं तरी तिथं दुसरा वाद उभा राहतो, निळ्या आणि काळ्याचा. आत निळी पट्टी दिसते ते यूएसबीचं वेगवान, तिसऱ्या पिढीचं तोंड. तिथं हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह धावायला लागली की तिच्यातून जो रेडिओचा केर उडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो; आणि बहुतेक वायरलेस माऊस त्याच पट्टीत बोलतात. इंटेलनं 2012 साली यावर रीतसर कागद काढला होता. अण्णांनी तो छापून घेतलाय आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलाय. "फाइल कॉपी करताना माऊस अडखळतो ना? मग माऊसला कशाला शिव्या देतोस? शेजाऱ्याचा दंगा आहे तो." उपाय सोपा. डोंगल काळ्या तोंडाला लावायचा, नाहीतर हातभर यूएसबीची वाढीव तार घेऊन डोंगल दंग्यापासून लांब, टेबलावर आणून ठेवायचा.

इथं मी एकदा म्हणालो, "अण्णा, म्हणजे वायरलेसला वायर लावायची."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पेन्शनीवर बोट ठेवलंय. "ती तार तुला नाही," ते सावकाश म्हणाले. "डोंगलला आहे. डोंगलनं कधी तक्रार केली का?"

पण अण्णांचं खरं राज्य आहे ते सेलांवर. या विषयावर ते बसूनच बोलतात आणि आधी चहा लागतो.

मराठी घरात सेल विकत घेतले जात नाहीत, ते फिरतात. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात रिमोट बंद पडला की कोणीतरी माऊसचं पोट फाडतं. रात्री बॅटरी लागत नाही म्हणून कीबोर्ड रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी माऊसमध्ये एक नवा आणि एक कुठून आला ठाऊक नसलेला सेल अशी जोडी बसते, आणि मग बाण पडद्यावर दारू प्याल्यासारखा चालतो. अण्णांच्या मते सेलाला चार आश्रम आहेत. पाकिटात आहे तोवर ब्रह्मचर्य. तेव्हा त्याला किल्ल्यांच्या जुडग्यात, नाण्यांच्या वाटीत ठेवायचं नाही. मग माऊस आणि कीबोर्डचा गृहस्थाश्रम. तिथं जोडी एकाच दिवशी, एकाच पाकिटातली लागली पाहिजे. नव्या-जुन्याचा संसार टिकत नाही, नवा जुन्याला ओढत बसतो आणि दोघंही लवकर जातात. माऊसला तो पुरेनासा झाला की टीव्हीच्या रिमोटमध्ये वानप्रस्थ, कारण रिमोटला काम असतं ते बटण दाबल्यापुरतं. आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळात संन्यास. घड्याळाला इतका थोडा घास लागतो की माऊसनं टाकलेला सेल तिथं आणखी कितीतरी महिने टिकटिक करतो. अण्णांच्या घरात पाच घड्याळं आहेत. पाहुण्यांना वाटतं, निवृत्त माणूस, वेळ जात नसेल. खरं म्हणजे ते सेलांचे वृद्धाश्रम आहेत. तिथूनही सुटला की तो कचऱ्याच्या बादलीत जात नाही. अण्णा बरणीत साठवतात आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्याला नेऊन देतात, स्वतः, स्कूटरवरून.

सेल दातानं चावणारे आणि गच्चीवर उन्हात वाळत घालणारे हे अण्णांचे जन्माचे वैरी. "ऊन लागल्यावर मेलेला जरा हलतो, म्हणून जिवंत झाला म्हणायचं का?" आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात सेल ठेवणं म्हणजे फुटायला बोलावणं. महिनाभर गावाला जाणाऱ्यांनाही त्यांची ताकीद असते: गॅस बंद, नळ बंद आणि माऊसचे सेल बाहेर. नाहीतर परत आल्यावर झाकण उघडावं तो आत पांढरी खरपुडी धरलेली. अल्कलाइन सेलातून पाझरतो तो क्षार. त्यावर कापसाच्या बोळ्यानं थोडं व्हिनेगार किंवा लिंबाचा रस फिरवायचा, पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालायचे नाहीत. बोटानं खरवडायचं तर अजिबात नाही. हे सगळं ते काकूंच्याच लिंबावर करून दाखवतात. पुन्हा चार्ज होणारे सेल त्यांनी घेऊन पाहिले. ते 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे, त्यामुळे काही माऊस त्यांना पहिल्या दिवसापासूनच "बॅटरी कमी आहे" म्हणून हिणवतात. अण्णांचं म्हणणं, हिणवू द्या. पगार कमी असला म्हणून माणूस काम करत नाही का?

पोटातच बॅटरी असलेल्या, मोबाइलसारख्या चार्ज करायच्या माऊसबद्दल ते फारसं बोलत नाहीत. ॲपलनं 2015 साली एक असा माऊस काढला की त्याचं चार्जिंगचं भोक पोटाला आहे. चार्जिंगला लावला की तो उताणा पडून राहतो, वापरता येत नाही. नाशिकच्या भाच्यानं तो आणला तेव्हा अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "महाग असेल."

घरात त्यांची सत्ता एवढी चालत नाही. सूनबाई पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह. तो चालतो 2.45 गिगाहर्ट्झवर. दार घट्ट असलं तरी थोडी गळती होतेच, आणि ती माऊस, ब्लूटूथ आणि जुन्या वायफायच्या वाटेवरच येते. अण्णांनी वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं, आणि फ्रिजवर कागद चिकटवला: "मीटिंग चालू असताना भाजी गरम करू नये." काकूंनी वाचला. "मग गॅसवर करते," त्या म्हणाल्या. "त्याचे काही गिगाहर्ट्झ असतील तर आत्ताच सांगा."

खरेदीला मात्र अण्णांबरोबर जाऊ नये. मी गेलो होतो, पैठण गेटला. तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक आलं, पैसे दिले, गेलं अशी सवय. अण्णांनी डोंगल दुकानाच्या संगणकाला लावला आणि आधी माऊस काउंटरच्या काचेवर फिरवला. बाण हलला नाही. काउंटरवरचा पोरगा घाबरला. अण्णा प्रसन्न झाले. "काच आहे ना! माऊस खालच्या जागेचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि ते एकमेकांशी ताडून बघतो. काचेत त्याला काय दिसणार? काचेचं टेबल असलं तर खाली कागद ठेवावा. कालनिर्णयाचं जुनं पानही चालतं." पोरगा म्हणाला, "चचा, लेना है ना? कायकू परीक्षा ले रहे?" पण परीक्षा पुढेच होती. डब्यावर दहा मीटर लिहिलेलं. डोंगल तसाच ठेवून अण्णा माऊस हातात घेऊन बाहेर पडले. पायरी उतरले. फुटपाथ ओलांडला. माऊस आपल्याच मांडीवर फिरवत चहाच्या गाड्यापर्यंत पोचले. आतून पोरगा ओरडतोय, "चल रहा! चल रहा, चचा!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली आणि अण्णांच्या नि दुकानाच्या मधे गर्दी झाली, तसा आतून आवाज आला, "गया!"

अण्णा तिथूनच, गर्दीला उद्देशून बोलायला लागले. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. म्हणून डोंगल आणि माऊस यांच्या मधे माणूस बसवू नये. "आपल्या शहरात कायम भरलेली टाकी म्हणजे माणूसच," असंही म्हणाले. छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य वाया जात नाही. दोघांनी टाळ्या दिल्या आणि नळाला पाणी कधी येणार यावर चर्चा सुरू झाली. माऊस अण्णांनी घेतला. पोरानं वीस रुपये कमी केले, आम्ही लवकर जावं म्हणून.

अण्णांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उजाडला तो दसऱ्यानंतर. टीव्ही सेंटरच्या बाजूला दाखले काढून देणारं एक छोटं केंद्र आहे. दोन टेबलं, एकावर ताई, एकावर दादा. दोघांकडे एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे कीबोर्ड-माऊसचे जोड. खंडेनवमीला त्यांनी सगळं पुसलं, डोंगल काढून ताटलीत ठेवले, यंत्रांची पूजा केली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी डोंगल परत खोचले.

दसरा झाला, केंद्र उघडलं. ताईंनी उत्पन्नाच्या दाखल्याला हात घातला, तर त्यांचा पडदा ढिम्म. आणि पलीकडे दादांच्या पडद्यावर, रहिवासाच्या अर्जात, कोणाच्यातरी वडिलांचं नाव उमटायला लागलं. दादांनी ते खोडायला कळ दाबली, तर ताईंचा पडदा हलला. ताईंनी तो थांबवायला माऊस ओढला, तर दादांची खिडकी बंद झाली. समोर फुलंब्रीकडचे एक शेतकरी बसले होते. ऑपरेटरचे दोन्ही हात वर आणि अर्ज भरला जातोय, हे बघून ते शेजाऱ्याला म्हणाले, "आपोआप व्हायलंय! सुधरलं बरं का सरकार."

कोणी म्हणालं व्हायरस आहे, कोणी म्हणालं बाधा आहे, पूजेत काही राहिलं असेल. अण्णांना बोलावणं गेलं. ते आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सेलांबद्दल विचारलं नाही. त्यांनी दोन्ही डोंगल उपटले आणि अदलाबदल करून परत खोचले. कीबोर्ड आपापल्या घरी गेले. कारखान्यात डोंगल आणि त्याचा जोड यांचं लग्न लावूनच पाठवतात. दिसायला जुळे असले तरी एकाचं दुसऱ्याला चालत नाही, आणि डोंगल हरवला तर साध्या जोडातला कीबोर्ड पाट म्हणून वापरावा. म्हणून माऊसच्या पोटात डोंगल ठेवायला खाच दिलेली असते, ती वापरावी. हे सगळं तिथं सांगून झालं. तरी दादांचा माऊस चालेना. अण्णांनी तो उलटा केला. डोळ्याच्या जागी कुंकू. आतला लाल दिवा त्या कुंकवामागून देवघरातल्यासारखा मिणमिणत होता, आणि एक अक्षत आडवी बसलेली. कान कोरायच्या कापूसकाडीला थेंबभर स्पिरिट लावून अण्णांनी तो डोळा साफ केला. फुंकर मारली नाही. फुंकरीतून थुंकी जाते, हे त्यांनी तिथल्या तिघांना सांगितलं, शेतकऱ्यांना धरून.

आणि मग अण्णांनी ताईंकडे नेलपॉलिश मागितलं. ताईंच्या पर्समध्ये लाल होतं, शेजारच्या ब्यूटी पार्लरमधून निळं आलं. एका जोडाच्या डोंगलवर, कीबोर्डवर आणि माऊसवर निळा ठिपका, दुसऱ्यावर लाल. ठिपके देताना त्यांचे ओठ हलत होते. तिसरा जोड आला तर नारिंगी द्यायचा, चौथ्याला हिरवा, पाचव्याला तपकिरी, असा क्रम त्यांनी भिंतीवर लिहून दिला. केंद्रात टेबलं दोनच आहेत. तक्ता पंचवीस जोडांचा आहे.

सुरक्षेबद्दल त्यांचं बोलणं थोडकं आणि गंभीर असतं. 2016 साली बॅस्टिल नावाच्या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच वायरलेस माऊस-कीबोर्डांच्या डोंगलमध्ये लांब बसून परक्या कळा घुसवता येतात. तेव्हापासून बँकेचा पासवर्ड अण्णा लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवरच टाइप करतात, आणि कंपनीनं डोंगलचं अपडेट काढलं असेल तर ते चढवल्याशिवाय झोपत नाहीत. कपाटात त्यांनी एक तारेचा कीबोर्डही ठेवलाय. संगणक सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यावर ब्लूटूथचा कीबोर्ड बहुधा ओळखच देत नाही, तिथं तार हमखास चालते. तो जुन्या धोतरात गुंडाळलेला आहे, आणि त्याचा विषय काढलेला त्यांना आवडत नाही.

गेल्या महिन्यात अण्णांनी तीन घरांचा कीबोर्ड घेतला. वर तीन कळा असतात: एक दाबली की लिहिलेलं संगणकात, दोन दाबली की मोबाइलमध्ये, तीन दाबली की टीव्हीत. मोबाइलमध्ये "एंटर दाबताच संदेश पाठवा" ही सोयही त्यांनी स्वतः चालू करून घेतली. त्याच दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परतूरचे दूरचे दाजी गेल्याची बातमी आली. अण्णांनी ती वाचली, हळहळले, फोन तसाच उघडा ठेवून संगणकापुढे बसले. नाशिकच्या भाच्याचा सेलवाला माऊस बंद पडला होता, त्याला उत्तर लिहायचं होतं. बसताना करंगळी दोनवर पडली. अण्णा कळांकडे बघून टाइप करतात. पडद्याकडे बघायची त्यांना गरज वाटत नाही.

ग्रुपवर एकामागून एक संदेश येत गेले:

"घाबरू नकोस. असं होतंच."

"आधी पूर्ण बंद करून दहा आकडे मोज, पुन्हा चालू कर."

"तरी हालचाल नसेल तर पोटाचं झाकण उघडून सेल बदल."

"जुने सेल टाकू नकोस, घड्याळाला लाव."

"त्यानंही नाही उठला तर दुरुस्तीत पैसे घालू नकोस. नवाच घे. ऑनलाइन सहाशेत जोडी मिळते."

सूनबाई धावत बाहेर आली. अण्णांनी चष्मा कपाळावर नेला, फोन हातात घेतला, पाचही संदेश नीट वाचले. "पुसून टाका," ती म्हणाली, "सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतं." अण्णा म्हणाले, "कशाला? यात चुकीचं काय आहे?"

तोवर खाली आठ जणांनी हात जोडले होते. तिघांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं होतं. एकानं विचारलं होतं, "सहाशे की साडेसहाशे?" संध्याकाळी दाजींच्या थोरल्याचा फोन आला. आवाज बसलेला. अण्णांनी सांत्वन केलं, आजाराची चौकशी केली, वहिनींना सांभाळ म्हणाले. तो जरा थांबला, मग म्हणाला, "अण्णा, तेराव्याला येणार ना? येताना पेन्सिल सेलाची एक जोडी आणा. तेराव्याची पत्रिका टाइप करायला बसलोय, तर कीबोर्ड मधूनच चालंना झालाय."

"डोंगल पुढं लावलाय का मागं?" अण्णांनी विचारलं आणि खुर्ची ओढून घेतली.